खरकट्याची वाट

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या ऐन रांगेत भंडारदरा वसलेले आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा नदी येथे विल्सन धरणाने अडविली आहे. १९१० साली या धरणाचे काम सुरू झाले व १९२६ साली ते पुरे झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या त्या दगडी भिंतीमागे जे पाणी साठते, त्यावर खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूर या भागांतील शेते पिकतात. आणि नेवाशावरून वाहत जाऊन हीच प्रवरा पुढे गोदावरीस मिळते. एका बाजूस कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर, दुसऱ्या बाजूस रतनगड आणि मध्ये जलाशयाचे निळे पाणी, असे हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला त्याचा सहसा विसर पडत नाही.

पावसाळा तोंडावर आला म्हणजे येथील हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारख्या झाडांवर रात्री असंख्य काजवे लुकलुकू लागतात. ते पाहावयास मुंबई, पुणे, नाशिक येथून माणसांची रीघ लागते. एके वर्षी मीही असाच तेथे गेलो होतो. शेंडी गावात एका घरी आमची उतरण्याची व जेवणाची सोय होती. त्या रात्री त्या घरी चाळीसएक पाने उठली. इंद्रायणीचा भात, कोंबडीचा रस्सा, तांदळाची भाकरी, आमटी आणि गरम भजी असा बेत होता. आम्ही यथेच्छ जेवलो, काजवे पाहिले आणि झोपलो.

सकाळी उठून पाहतो तो घरातील बायामाणसे चिंतेत पडलेली. स्वयंपाकघरातील मोरी तुंबली होती. ओट्याला लागून बसविलेल्या धातूच्या मोरीत गढूळ पाणी तोंडापर्यंत चढले होते, त्यावर तेलाचे पिवळे ठिपके तरंगत होते आणि आणखी चाळीस माणसांचा चहा व्हावयाचा होता. घरच्या सूनबाईंनी आधी काठी घालून पाहिली, मग उकळते पाणी ओतले. पाणी तसूभरही हलले नाही. आजीबाई उंबऱ्यात बसून हे सर्व पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या येळेला मोरीला नळीच नव्हती, तर तुंबणार काय?”

सूनबाईंना हे बोलणे त्या वेळी फारसे रुचले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. मला मात्र आजीबाईंचे ते वाक्य पुढे कितीतरी दिवस आठवत राहिले. कारण त्या एका वाक्यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते.

अखेर शेजारचा एक तरुण पाने घेऊन आला. त्याने मोरीखाली एक बादली ठेवली, वाकड्या नळीची चकती फिरवून सैल केली आणि ती नळी खाली उतरविली. भसकन् पाणी बादलीत पडले. पाठोपाठ त्या नळीतून जे बाहेर आले ते पाहण्यासाठी घरातील सारी मुले भोवती जमली. मेणासारखा पांढुरका, करड्या रंगाचा, बोटाने दाबता येईल असा तो एक लगदा होता. त्यात भाताची शिते होती, चहाचा चोथा होता, कांद्याची पातळ साल होती, कढीपत्त्याची काडी होती आणि कोंबडीच्या हाडाचा एक बारीक तुकडाही होता. या सर्वांना एकत्र बांधून ठेवले होते ते थिजलेल्या चरबीने.

आता हे असे का घडले, ते आपण पाहू.

मोरीखालची ती नळी वाकडी का असते, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. सरळ नळी लावली असती तर काहीच अडकले नसते, असे वाटणे साहजिक आहे. पण सरळ नळीतून पाणी जसे खाली जाते, तशीच गटारातील घाण हवा वर घरात येते. नळीला बाक दिला म्हणजे त्या बाकात नेहमी थोडे पाणी साचून राहते आणि ते पाणी बुचाचे काम करते. खालची दुर्गंधी त्या पाण्यापलीकडेच अडते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वाकड्या नळीचे स्वामित्वपत्र लंडनमध्ये मिळविले. त्याने ती शौचकूपासाठी योजली होती. आज जगातील कोट्यवधी घरांत हीच साधी युक्ती वापरली जाते. परंतु बाकापाशी पाण्याची गती मंदावते. जेथे गती मंदावते तेथे गाळ बसतो, हे नदीच्या वळणावर तुम्ही पाहिलेच असेल. म्हणून जे काही अडकावयाचे ते बहुधा आधी येथेच अडकते. त्या घरी ते येथेच अडकले, हे एका परीने सुदैवच म्हणावयाचे. कारण बाक हाताने उघडता येतो. तेच जर भिंतीच्या आत किंवा अंगणाच्या फरशीखाली अडकले असते तर गवंड्याला बोलवावे लागले असते.

आता त्या चिकट लगद्याकडे वळू. तेल, तूप व चरबी ही तिन्ही एकाच कुळातील आहेत. ती पाण्यात विरघळत नाहीत आणि पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे वर तरंगतात. त्यांच्यात भेद आहे तो थिजण्याचा. शेंगदाण्याचे तेल आपल्याकडील थंडीत सहसा पातळच राहते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजते. हिवाळ्याच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते ती यामुळेच. वनस्पती तूप व मांसाची चरबी तर त्याहून पुष्कळ अधिक उष्णतेलाही घट्टच राहतात. रश्श्याचे पातेले गरम असताना मोरीत उपडे केले म्हणजे वरचा तवंग पातळ असल्यामुळे सहज खाली जातो आणि आपल्याला वाटते की काम झाले. पण नळी थंड असते. भंडारदऱ्यासारख्या डोंगरी गावी तर रात्री ती अधिकच थंड असते. तवंग वाटेतच निवतो आणि नळीच्या आतल्या अंगास त्याचा पातळ थर बसतो. दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा थर बसतो. याप्रमाणे नळीचे तोंड दिवसेंदिवस लहान होत जाते आणि एके दिवशी भाताची मूठभर शितेसुद्धा तिला पुरी बंद करण्यास पुरेशी होतात.

सूनबाईंनी उकळते पाणी ओतले, त्याचा उपयोग का झाला नाही, हेही यावरून ध्यानात येईल. वर साचलेल्या गार पाण्यात मिसळताच त्या पाण्याची उष्णता नाहीशी झाली. आणि समजा, नळी मोकळी असताना उकळते पाणी ओतले तरी ते चरबीला नाहीशी करीत नाही. ते तिला केवळ थोडे पुढे ढकलते. चार हात पुढे गेल्यावर पाणी निवते व चरबी पुन्हा थिजते. शिवाय अलीकडच्या पुष्कळ नळ्या प्लॅस्टिकच्या असतात. वारंवार उकळते पाणी ओतल्यास त्या मऊ पडून सांध्यातून गळू लागतात.

पातळ राहणारे तेल तरी निर्दोष आहे काय? तसेही नाही. तेल नळीला चिकटते, त्याला पीठ चिकटते. गव्हाच्या कणकेचा एक लहान गोळा घेऊन तो वाहत्या पाण्याखाली हळूहळू चोळून पाहा. पांढरे पिठूळ पाणी निघून जाते आणि शेवटी हातात रबरासारखा चिवट पदार्थ उरतो. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. परात धुताना तिच्या कडांना चिकटलेली कणीक मोरीत गेली, की नळीत जाऊन बसते ती याच रूपाने. तांदळाच्या व नाचणीच्या पिठात हा चिवटपणा नसतो. पण ते चिखलासारखे तळाशी बसते. भाताची शिते पाण्यात राहून आणखी फुगतात व मऊ होऊन एकमेकांस चिकटतात. चहाचा चोथा तर वाळूप्रमाणे बसून राहतो.

याखेरीज आणखी एक गोष्ट घडते व ती फारशी कोणाला ठाऊक नसते. गटारात साचलेल्या तेलाचे जीवाणू विघटन करतात आणि त्यातून काही आम्ले तयार होतात. ही आम्ले पाण्यातील किंवा सिमेंटच्या नळांतील चुन्याच्या अंशाशी संयोग पावली म्हणजे एक प्रकारचा कठीण साबण तयार होतो. हा साबण फेस देत नाही, की पाण्याने वाहून जात नाही. तो चुनखडीसारखा घट्ट होतो. म्हणजे ज्या तेलाला आपण पातळ म्हणून निरुपद्रवी समजलो, तेच पुढे जाऊन दगड बनते! २०१७ साली लंडनमधील व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात अशा गोठलेल्या चरबीचा जो गठ्ठा सापडला, तो सुमारे २५० मीटर लांब व सुमारे १३० टन वजनाचा होता. तो फोडून काढण्यास कामगारांना कित्येक आठवडे खपावे लागले. त्याचा एक तुकडा पुढल्या वर्षी तेथील संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आला. एवढा मोठा गठ्ठा कोणी एकाने टाकलेला नव्हता. तो हजारो घरांतील व उपाहारगृहांतील मोऱ्यांमधून चमच्या-चमच्याने जमलेला होता.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक गंभीर आहे. शहरातील गटार तुंबले म्हणजे ते मोकळे करण्यास बहुधा यंत्र येण्याऐवजी माणूस येतो. बंद गटारात साचलेले अन्न कुजून विषारी वायू तयार होतात. त्या वायूंनी गुदमरून सफाई कामगारांचे प्राण गेल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केलेली आहे, आणि अशा कामात मृत्यू आल्यास त्याच्या कुटुंबास तीस लक्ष रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तरीही अशी मरणे थांबलेली नाहीत. गटार तुंबण्याची कारणे अनेक असतात, हे खरे. परंतु मोरीत ओतलेले तेल हे त्यांपैकी एक असते आणि ते आपल्याच हातून गेलेले असते.

भंडारदऱ्यास शहरासारखी गटारे नाहीत. मग तेथल्या मोरीचे पाणी जाते कोठे? घराच्या मागे नळीचे तोंड उघडे असते आणि तेथून पाणी उतारावरून वाहू लागते. सह्याद्रीत सर्व उतार शेवटी एखाद्या ओढ्याकडे जातात, आणि येथील ओढे जलाशयाकडे. घाटघर आणि रतनवाडी हा परिसर नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून ओळखला जातो. पावसाचा असा मारा असला म्हणजे उतारावर साचलेले सर्व काही एका रात्रीत धुऊन खाली जाते.

पाण्यावर तेल किती पसरते याचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लंडनजवळील क्लॅपम येथील तळ्यात चहाच्या चमच्याहून अधिक नसेल इतके तेल ओतले. वाऱ्याने हलणारे पाणी पाहता पाहता शांत झाले आणि तो तवंग सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या भाषेत वीस गुंठे, पसरला. १७७४ साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. चमचाभर तेलाची जर ही कथा, तर तळणीची कढई ओतल्यावर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. अन्नाचे कण पाण्यात गेले म्हणजे ते खाण्यासाठी जीवाणूंची वाढ होते. हे जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात व मग माशांना तो कमी पडू लागतो. भंडारदऱ्याचा जलाशय फार मोठा आहे. दोन-चार घरांच्या मोऱ्यांनी त्याचे काही बिघडणार नाही, असे कोणी म्हणेल. मीही त्या सकाळी असेच म्हणालो होतो. त्यावर तो नळी उघडणारा तरुण म्हणाला, “गुरुजी, काजव्यांच्या दिवसांत घरं दोन-चार नसतात. तंबूसुद्धा मोजा की.” मला यावर उत्तर सुचले नाही.

आता आजीबाईंच्या बोलण्याकडे येतो. त्या सांगत होत्या तेव्हाची मोरी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील किंवा परसातील एक फरशी. तेथून एक उघडा पाट निघे व तो केळीच्या किंवा अळूच्या वाफ्यात जाई. पाटात काही अडकले तर डोळ्यांस दिसे व काडीने काढता येई. परंतु तेथे मुळी फारसे काही जातच नसे. तांदळाचे धुवण व भाजीची देठे गुरांच्या घमेल्यात पडत. शिळा भाकरतुकडा दारच्या कुत्र्याला मिळे. भांडी चुलीतील राखेने घासली जात. राखेत क्षार असतो. तो भांड्यावरील तुपा-तेलाशी मिळून साबणासारखे काम करतो, आणि राखेचे कण खरकटे खरवडून काढतात. उरलेसुरले उकिरड्यावर जाई आणि वर्षाअखेर तोच उकिरडा शेतात खत होऊन पडे. त्या व्यवस्थेत वाया जाणारे असे काहीच नव्हते. मात्र तेव्हा तेलही बेताचे असे आणि चाळीस माणसांचे जेवण केवळ लग्नकार्यात होई, हे विसरून चालणार नाही. जुने सर्व चांगले, असे मला म्हणावयाचे नाही. उघड्या पाटावर डास होत असत. आणि आजच्या बंद नळीच्या मोरीत जर कोणी राखेने भांडी घासू लागले तर ती राख सिमेंटासारखी तळाशी बसेल व मोरी चार दिवसांतच तुंबेल. साधन बदलले म्हणजे सवयही बदलावी लागते.

मग बंद मोरीला साजेशी सवय कोणती? तिचा आरंभ मोरीपाशी नव्हे, तर ताटापाशी होतो. ताटात टाकलेले अन्न प्रथम एका भांड्यात निपटून घ्यावे. रश्श्याचे पातेले व तळणीची कढई निवू द्यावी. निवल्यावर वर आलेली चरबी डावाने काढता येते आणि उरलेला ओशटपणा जुन्या कागदाने किंवा पळसाच्या सुक्या पानाने पुसता येतो. मग ते भांडे पाण्याखाली धरावे. हे पुसण्याचे काम एका पातेल्यास अर्धे मिनिटही घेत नाही. त्यात आणखी लाभ असा, की साबण व पाणी दोन्ही कमी लागतात. आणि ज्या गावांत धरण उशाशी असूनही उन्हाळ्यात हंडे घेऊन हिंडावे लागते, तेथे दोन तांबे पाणी वाचणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. मोरीच्या तोंडाशी बारीक भोकांची जाळी बसवावी आणि प्रत्येक वेळी भांडी झाल्यावर ती उपडी करून झटकावी. जाळी भरली की पाणी हळू जाते. म्हणून काही जण ती काढूनच ठेवतात. दाराला कुलूप लावण्याचा कंटाळा येतो म्हणून दारच उघडे ठेवण्यासारखे हे आहे.

पुसून काढलेली चरबी एखाद्या रिकाम्या डब्यात साठवावी. ती कागदासह चूल पेटविण्यास उपयोगी पडते. तळणीचे तेल गाळून ठेवून एक-दोन वेळा फोडणीस वापरता येते. मात्र तेच तेल पुनःपुन्हा कढविणे आरोग्यास घातक आहे. तेल वारंवार तापले म्हणजे त्यात काही अपायकारक संयुगे वाढत जातात व त्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली केला. मोठ्या शहरांत उपाहारगृहांकडून असे तेल गोळा करून त्यापासून वाहनांसाठी जैविक डिझेल तयार केले जाते. खेड्यात थोडेसे तेल दाराच्या बिजागऱ्यांना किंवा रहाटाच्या कण्याला वंगण म्हणून लावता येते.

उरलेल्या अन्नाचे व भाजीच्या कचऱ्याचे उत्तर माती हेच आहे. गुरे असतील तर देठे व साली त्यांना घालाव्या, पण शिळ्या भाताचे घमेलेच्या घमेले त्यांच्यापुढे ओतू नये. शिजलेले धान्य एकदम पुष्कळ खाल्ले तर गुरांच्या पोटात आम्ल वाढून ती दगावतातही. कचऱ्याचे खत करण्यासाठी ओल्याबरोबर सुके हवे. भंडारदऱ्याच्या परिसरात भात हे मुख्य पीक असल्यामुळे पेंढा व तूस यांना तोटा नाही. खड्ड्यात किंवा टोपलीत खरकट्याचा एक थर, त्यावर सुक्या पाल्याचा किंवा पेंढ्याचा त्याहून जाड थर, वर मूठभर माती असे रचत जावे व अधूनमधून ते वरखाली करावे. नाकाला आंबूस वास आला तर ओले अधिक झाले असे समजावे व सुके घालावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे या शेतकऱ्याने खतासाठी विटांचे एक टाके सिद्ध केले. त्याच्या भिंतींत हवा खेळावी म्हणून मुद्दाम भोके ठेवलेली असतात. त्यांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन या पद्धतीस ‘नाडेप’ असे नाव पडले आणि ती देशभर पसरली. थोड्या शेणात पुष्कळ पालापाचोळा कुजविणे हे तिचे वैशिष्ट्य. एका घराच्या खरकट्यासाठी एवढ्या टाक्याची गरज नाही. पण तत्त्व तेच: हवा, ओल आणि सुके-ओले यांचे योग्य मिश्रण. तेल मात्र यात फार घालू नये. ते कचऱ्यावर पसरून हवेला अडविते आणि उंदरांना आमंत्रण देते.

चाळीस पाने उठणाऱ्या घराला एवढ्याने भागत नाही. अशा ठिकाणी मोरीच्या बाहेर एक लहान हौद बांधावा. दूध तापवून ठेवले की साय वर येते, हे आपण रोज पाहतो. हौदाचे काम त्याच नियमावर चालते. पाणी हौदात आले की थबकते. चरबी सायीप्रमाणे वर जमते, शिते व चोथा तळाशी बसतात आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेर जाते. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड वर किंवा तळाशी न ठेवता पाण्याच्या मध्यावर बुडवून ठेवावे लागते, एवढीच काय ती मेख. वरची साय आठवड्यातून एकदा काढावयास हवी. ती काढली नाही तर हौद असून नसून सारखाच.

हौदातून निघालेल्या पाण्यासाठी शोषखड्डा करतात. सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून त्यात तळाशी मोठे दगड व वर लहान दगड भरतात आणि पाणी हळूहळू जमिनीत मुरू देतात. नांदेड जिल्ह्यात असे खड्डे गावोगाव घेण्यात आले. गटारे आटल्यामुळे डासही कमी झाले, असा तेथील अनुभव आहे. भंडारदऱ्यास मात्र एक अडचण आहे. येथे मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ असून खाली काळा कातळ लागतो, आणि कातळात पाणी मुरत नाही. खड्डा विहिरीजवळ घेणे तर कोठेही धोक्याचेच. म्हणून जेथे माती आहे तेथे खड्डा करावा व जेथे नाही तेथे आजीबाईंचा केळीचा वाफाच बरा. केळ, अळू, कर्दळ यांना पाणी कितीही मिळाले तरी चालते.

इतके करूनही मोरी कधी तुंबलीच तर काय करावे, तेही सांगतो. बाजारात मिळणारी दाहक भुकटी आधी ओतू नये. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडताच एकदम उष्णता निर्माण होते, पाणी उसळते, कातडी व डोळे भाजतात. मुलांनी तिला हात लावू नये. एक भुकटी निष्फळ ठरली म्हणून तिच्यावर दुसरे आम्ल किंवा ब्लीचिंग ओतणे तर प्राणावर बेतू शकते. त्याऐवजी लाकडी दांड्याची रबरी वाटी मोरीच्या तोंडावर घट्ट बसवून वरखाली जोराने दाबावी. मोरीला वरच्या बाजूस दुसरे भोक असल्यास ते ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर सारा जोर तेथूनच निघून जातो. याने काम न झाले तर खाली बादली ठेवून वाकडी नळी उतरवावी. पण भुकटी ओतलेली असताना नळी उघडणे म्हणजे ते दाहक पाणी अंगावर घेणे होय. म्हणून घरात कोणी काही ओतले आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

त्या सकाळी चहा अखेर तासाभराने झाला. नळी पुन्हा बसविल्यावर सूनबाईंनी तिच्यातून निघालेला लगदा फेकून न देता अंगणात कागदावर ठेवला आणि उतरलेल्या पाहुण्यांच्या मुलांना तो दाखविला. कोणी नाक मुरडले, कोणी हसले. एका मुलीने विचारले, “मावशी, यातलं शीत माझ्या ताटातलं असेल का?” सूनबाई म्हणाल्या, “असेल की! कालच्याच रात्रीचं दिसतंय.”

दुपारच्या जेवणाच्या वेळी मोरीशेजारी तीन भांडी मांडलेली दिसली. एक बादली खरकट्यासाठी होती, एक घमेले देठांसाठी आणि झाकण असलेला एक पत्र्याचा डबा चरबीसाठी. डब्याशेजारी पळसाच्या पानांची चळत होती. ताट घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आजीबाई हाताने बादली दाखवीत होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या ताटाकडे निरखून पाहिले. ताटात भात उरलेला होता. त्या म्हणाल्या, “गुरुजी, एवढा टाकायचा होता तर वाढताना नको म्हणायचं.” मी पुन्हा खाली बसलो आणि तो भात संपविला.